जनुकाची अक्षरं शाबूत, तरी ते बंद कसं पडतं?

प्रश्न : मी जीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. कर्करोगाच्या एपिजेनेटिक्समध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद कशी होतात याच्या अभ्यासात, पीएच.डी. करायचं मनात आहे. पण जनुकात बिघाड नसतानाही ते बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे नीट उमगत नाही. शिवाय ‘या संशोधनात उमेदीची वर्षं जातात आणि रुग्णाच्या हाती काही लागत नाही’ असं घरचे म्हणतात. तुम्ही याच विषयात काम करता. तुमचा अनुभव काय?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : घरच्यांची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. वेळ लागतो, खूप लागतो. अ‍ॅझासायटिडीन हे रसायन १९६४ साली चेकोस्लोव्हाकियात तयार झालं. सुरुवातीला ते कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठी मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं गेलं, पण रुग्णांना ते सोसवेना. १९८० साली पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी उंदराच्या पेशींवर काम करून दाखवलं, की पेशीचं विभाजन होताना डीएनएच्या नव्या धाग्यावर जनुक बंद ठेवणाऱ्या मेथिल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा उमटायच्या असतात, त्या हे रसायन उमटू देत नाही. अशा पेशींतल्या काही तर चक्क स्नायूच्या पेशी झाल्या! कमी मात्रेत तेच रसायन अमेरिकेत औषध म्हणून मान्य झालं २००४ साली, मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या रक्ताच्या आजारासाठी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जास्त जोखमीच्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान नेहमीच्या उपचारांवर १५ महिने होतं. हे औषध घेणाऱ्यांचं साडेचोवीस. आजार बरा झाला असं नाही. पण हे साडेनऊ महिने ज्या घराला मिळाले, त्या घराला ‘हाती काही लागलं नाही’ असं मी तरी म्हणणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसीनच्या पुढे ग्वानीन आलं, की त्या सायटोसीनला मेथिल गट चिकटू शकतो. पुष्कळ जनुकांच्या सुरुवातीला अशा जोड्यांची दाटी असते आणि निरोगी पेशीत ती सहसा मेथिलविना, मोकळी असते. गाठीत मात्र कधी कधी ती मेथिलनं भरून जाते. अक्षर एकही बदललेलं नसतं, तरी जनुक वाचलं जात नाही. एमएलएच१ हे जनुक घ्या. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यात त्याचा वाटा असतो. मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत ते अशा मेथिलेशननंच बंद पडलेलं आढळतं. मुद्रितशोधकच गैरहजर असल्यावर व्हायचं तेच होतं : चुका साचत जातात आणि मग खरीखुरी उत्परिवर्तनं येतात.

या खुणा वाचायच्या कशा? डीएनएवर सोडियम बायसल्फाइटची प्रक्रिया करतात. मोकळ्या सायटोसीनचं युरॅसिल हे वेगळंच अक्षर होतं, मेथिल असलेलं तसंच राहतं. ऐकायला सोपं आहे, पण त्या प्रक्रियेत डीएनएचे तुकडे तुकडे होतात आणि हाताशी फार थोडं उरतं. प्रक्रिया अर्धवट झाली, तर मोकळं सायटोसीनही मेथिल असल्यासारखं दिसतं. म्हणून माझ्याकडे कुणी सुंदर निकाल घेऊन आलं, की मी आधी पुढे ग्वानीन नसलेली सायटोसीनं बघते. ती जवळजवळ सगळी बदललेली असायला हवीत. नसतील, तर त्या निकालावर चर्चाच नको.

पण यापेक्षा अवघड प्रश्न वेगळा आहे आणि माझी बरीच वर्षं त्यातच गेली. गाठीत मेथिलेशन दिसलं म्हणजे त्यानंच कर्करोग झाला, असं ठरत नाही. जनुक आधीच शांत असेल आणि खुणा मागाहून आल्या असतील. वयानुसारही खुणा वाढतात. आणि गाठीचा तुकडा म्हणजे निव्वळ कर्कपेशी नव्हेत. त्यात प्रतिकारपेशी असतात, आधारऊतीच्या पेशी असतात, प्रत्येकीची मेथिलेशनची ठेवण निराळी. दोन नमुन्यांतला फरक कित्येकदा निव्वळ या मिश्रणाचा असतो. ‘अमुक जनुकाचं मेथिलेशन वाढलं’ एवढ्यावर थांबणारे शोधनिबंध ढिगानं निघतात, त्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. रुग्णानं दिलेला ऊतीचा तुकडा त्यापेक्षा अधिक मेहनतीच्या लायकीचा असतो.

आज कारण तपासायची साधनं आहेत. डीएनए कापण्याची क्षमता काढून टाकलेल्या कॅस९ या प्रथिनाला टेट१ हे मेथिल हटवणारं विकर जोडून एका ठरावीक जागेवरचंच मेथिल काढता येतं. त्यानंतर जनुक जागं झालं आणि पेशींची वाढ मंदावली, तर बोलण्यात अर्थ आहे.

तेव्हा पीएच.डी. जरूर करा. प्रयोगशाळा निवडताना तिथल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारा : तुलनेसाठी त्याच रुग्णाची निरोगी ऊती मिळते का, आणि खूण काढल्यावर पेशीचं काय होतं हे इथे कुणी तपासतं का. प्रवेश मिळेपर्यंत संख्याशास्त्र आणि ‘आर’ या संगणकभाषेत विदा हाताळणं शिकून घ्या. विश्लेषणासाठी दुसऱ्यावर विसंबलात, तर स्वतःच्याच नमुन्यांत काय आहे हे तुम्हाला सर्वांत शेवटी कळेल.