हॅलोबॅक्टेरियमच्या प्लेटवर लाल कॉलनी आली, तर ते कंटॅमिनेशन समजावं का?

हॅलोबॅक्टेरियम सॅलिनेरम या अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या गुलाबी, अपारदर्शक कॉलन्यांमध्ये दोन-चार लाल आणि आरपार दिसणाऱ्या कॉलन्या आल्या, तर प्लेट टाकून द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. कृपया टाकू नका. बहुतेक ते आपोआप झालेलं म्युटेशन आहे, आणि ते असं नुसत्या डोळ्यांनी बघायला मिळणं मला अजूनही विलक्षण वाटतं.

या आर्कियाच्या (बॅक्टेरियासारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या गटातल्या जीवाच्या) पेशीत प्रथिनांच्या पातळ भिंतींच्या, वायूने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्यामुळे पेशी खाऱ्या पाण्यात तरंगते, आणि प्रकाश विखुरल्याने कॉलनी फिकट गुलाबी दिसते. पोकळ्या बनवणारी जनुकं बिघडली की मागे उरतो तो कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा लाल रंग. हे साधारण शंभर पेशींत एकीच्या बाबतीत घडतं! पेशीच्या जांभळ्या पडद्यातलं, प्रकाशातून ऊर्जा मिळवणारं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिन हरवण्याचं प्रमाण दहा हजारांत एक आहे, तेही कमी नाही.

डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुकांनी एवढा दर येत नाही. त्या चुका इथे कमीच होतात. २०१० च्या एका अभ्यासात तर म्युटएस आणि म्युटएल ही दुरुस्तीची जनुकं काढून टाकल्यावरही दर वाढला नाही. खरं कारण आहे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे इन्सर्शन सीक्वेन्स. २००० साली हॅलोबॅक्टेरियमच्या एनआरसी-१ या स्ट्रेनचा (उपप्रकाराचा) जीनोम वाचला गेला, तेव्हा जेमतेम २५.७ लाख बेस जोड्यांत असे ९१ तुकडे सापडले. आयएसएच१ हा १,११८ बेस जोड्यांचा तुकडा बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनच्या जनुकात घुसतो आणि ते बंद पडतं. पोकळ्यांची जनुकं तर प्लास्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या गोल डीएनएवर), अशा तुकड्यांच्या दाटीतच आहेत. तिथे कधी तुकडा घुसतो, तर कधी मधला अख्खा भाग गळून पडतो.

खात्री करायची तर आधी लाल कॉलनी नव्या प्लेटवर रिस्ट्रीक करा, म्हणजे पुन्हा पसरवून वेगळी वाढवा. थोडी कॉलनी डिस्टिल्ड वॉटरच्या थेंबात कालवून मायक्रोस्कोपखाली बघा. मिठाशिवाय हॅलोबॅक्टेरियमच्या पेशी लगेच फुटतात; न फुटल्या तर तो दुसराच जीव. मात्र मीडियात मिठागरातलं मीठ वापरलं असेल, तर त्यातूनही दुसरे हॅलोआर्किया (खाऱ्या जागी वाढणारे आर्किया) येऊ शकतात आणि त्यांतले बरेचसे असेच फुटतात. म्हणून जीव ओळखण्यासाठी १६एस सीक्वेन्सिंग (१६एस आरआरएनए जनुकाचा क्रम वाचणं) कराच. सोबत पोकळ्यांच्या भिंतीचं प्रथिन बनवणाऱ्या जीव्हीपीए जनुकाचा पीसीआर लावा, म्हणजे तेवढ्या डीएनएच्या भरपूर प्रती काढून जेलवर बघा. बँड नेहमीपेक्षा मोठा आला तर तुकडा घुसलाय, आलाच नाही तर तो भाग बहुधा गळालाय.

पुढच्या कामासाठी एकाच गुलाबी कॉलनीपासून ग्लिसरॉल स्टॉक करून गोठवा. सारखं सबकल्चर करत राहिलात, तर म्युटंट साचत जातील.