बाळंतपणानंतर लघवी सुटते आणि संबंधांच्या वेळी दुखते: केगल, योग, आयुर्वेद हे सगळे एकत्र करावे का?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा: आपले वय ३४ आहे, दुसऱ्या बाळंतपणाला चौदा महिने झाले आहेत, प्रसूती नैसर्गिक झाली पण टाके पडले होते, आणि बाळ अजून अंगावर पिते. शिंकताना, खोकताना लघवी सुटते आणि शरीरसंबंधांच्या वेळी दुखते. मोबाईलवर पाहून आपण रोज केगल व्यायाम (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम) करता, पण त्याने दुखणे उलट वाढले आहे. सासूबाई तेलाचा पिचू (तेलात भिजवलेला कापसाचा बोळा) योनिमार्गात ठेवायला सांगतात, मैत्रीण योगवर्गाला बोलावते आणि डॉक्टरांनी ‘बाळंतपणानंतर होतं असं’ म्हणून विषय संपवला. हे सगळे उपाय एकत्र केले तर चालतील का, असे आपण विचारले आहे.

मी स्त्री-आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे गृहीत धरून उत्तर देते. या उपायांपैकी बरेचसे एकत्र करता येतात, पण कोणता आधी आणि कोणता नंतर हे तपासणीवरून ठरते. ती तपासणी होईपर्यंत केगल थांबवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक थर पसरलेला असतो. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदद्वार या तिन्ही वाटा त्यातूनच जातात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणे, योग्य वेळी या वाटा बंद ठेवणे आणि योग्य वेळी सैल सोडणे ही त्याची कामे आहेत. यातले सैल सोडण्याचे काम बहुतेक व्हिडिओंमध्ये वगळलेले असते. प्रसूतीत हा थर खूप ताणला जातो, कधी फाटतो. मग काही स्त्रियांमध्ये तो ढिला पडतो, तर काहींमध्ये दुखापतीपासून बचाव म्हणून सतत आवळलेला राहतो. दिवसभर भरलेली कळशी कमरेवर धरून ठेवलेला हात संध्याकाळी जसा आखडलेलाही असतो आणि दमलेलाही, तशी या दुसऱ्या प्रकारच्या स्नायूची अवस्था होते. त्यात जोर उरलेला नसल्यामुळे शिंकेसरशी लघवी सुटते, आणि तो सैल पडत नसल्यामुळे संबंधांत दुखते. अशा स्नायूला रोज शंभर वेळा आणखी आवळायला लावले, तर दुखणे वाढणारच. आपण दिलेली लक्षणे मला या प्रकाराकडे झुकणारी वाटतात.

आर्नल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली हे व्यायाम वैद्यकीय नियतकालिकात मांडले. तेव्हा योनिमार्गातील दाब मोजणारे एक उपकरणही त्याने वापरात आणले होते. योग्य स्नायू आवळला जातो आहे की नाही हे त्या उपकरणाच्या काट्यावर स्त्रीला स्वतःला दिसत असे. तपासणी आणि मोजमाप हा मूळ पद्धतीचाच भाग होता. आज लोकांच्या हाती पोहोचले आहे ते त्यातले निम्मेच, म्हणजे फक्त ‘आवळा आणि धरा’.

तपासणीची धास्ती अनेकींना वाटते, म्हणून ती कशी होते ते सविस्तर सांगते. आधी बराच वेळ केवळ बोलणे होते: लघवी किती वेळा होते, शौचाला कुंथावे लागते का, दुखते ते प्रवेशाच्या तोंडाशी की आत खोलवर, पाळी सुरू झाली का. त्यानंतर कपडे अंगावर असतानाच श्वास पाहिला जातो. ‘खालचे स्नायू आवळा’ म्हटल्यावर पुष्कळ जणी श्वास रोखतात, नितंब घट्ट करतात आणि पोट खाली ढकलतात. म्हणजे स्नायू वर उचलायचे तेव्हा त्या नेमक्या उलट दिशेने जोर लावत असतात. आतून तपासायचे असेल तर आपली स्पष्ट संमती घेऊन, हातमोजा आणि जेल वापरून, एकाच बोटाने हलका दाब देत स्नायूची प्रत्येक बाजू तपासली जाते. कुठे दाबल्यावर नेहमीचे तेच दुखणे जागे होते, टाक्यांचा व्रण आजूबाजूला चिकटला आहे का, आवळल्यानंतर स्नायू पुन्हा पूर्ण सैल होतो का, हे त्या बोटाला कळते. या तपासणीत स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरणारे उपकरण) वापरण्याची गरज नसते. आपण ‘थांबा’ म्हणालात की तपासणी थांबली पाहिजे, आणि हवे असल्यास सोबत घरची स्त्री असली पाहिजे. या दोन गोष्टी जिथे मान्य नसतील तिथे तपासून घेऊ नये.

स्नायू आखडलेला निघाला, तर पहिले काही आठवडे फक्त सैल सोडणे शिकायचे असते. कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी, एक हात खालच्या बरगड्यांवर ठेवावा आणि श्वास असा घ्यावा की बरगड्या बाजूला फुलतील. श्वासपटल खाली येते तेव्हा ओटीपोटाचा तळही किंचित खाली उतरतो. लघवीची धार सुरू होण्याच्या क्षणी खाली जे सुटल्यासारखे वाटते, तीच जाणीव इथे शोधायची असते. मात्र लघवी करताना मध्येच धार अडवून सराव करू नये. त्याने मूत्राशय नीट रिकामे न होण्याची सवय लागू शकते.

स्नायू सुटायला लागला की त्याला बळकटी देणे सुरू करता येते. खोकताना लघवी गळण्यावर हा व्यायाम फार परिणामकारक आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) असा त्रास असलेल्या ज्या स्त्रियांनी हा व्यायाम केला, त्यांपैकी ५६ टक्क्यांनी आपण पूर्ण बरे झाल्याचे सांगितले. काहीच उपचार न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ६ टक्के होते. ब्रिटनमधील नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे किमान तीन महिने, देखरेखीखाली, दिवसातून तीनदा आणि प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने असा व्यायाम सुचवतात. यातला ‘देखरेखीखाली’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. शिवाय शिंक किंवा खोकला येतो आहे असे जाणवताच, तो येण्याआधी क्षणभर, खालचे स्नायू वर उचलून धरायची युक्ती शिकवली जाते. १९९८ सालच्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात आठवडाभराच्या सरावानेही खोकताना होणारी गळती बरीच कमी झाली होती.

आता संबंधांच्या वेळच्या दुखण्याविषयी. आपल्या बाबतीत त्याची निदान तीन कारणे एकत्र असू शकतात: आखडलेला स्नायू, टाक्यांचा व्रण आणि कोरडेपणा. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेनची पातळी कमी राहते, त्यामुळे योनिमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते. पाळी गेल्यावर होते तसेच हे काहीसे आहे, पण तात्पुरते. आपले मन किंवा नवऱ्याविषयीची ओढ याला कारणीभूत आहे असे समजून स्वतःला दोष देण्याचे काहीच कारण नाही. पाण्यावर आधारित वंगण औषधांच्या दुकानात मिळते, ते सढळ हाताने वापरावे. खोबरेल तेल वापरणाऱ्या अनेक जणी आहेत, पण निरोध वापरत असाल तर कोणतेही तेल चालणार नाही, कारण तेलाने लॅटेक्स फाटते. कोरडेपणा जास्त असेल तर इस्ट्रोजेनच्या स्थानिक मलमाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे, आणि बाळ अंगावर पिते हे त्यांना जरूर सांगावे. व्रण पूर्ण भरलेला असेल तर स्वच्छ अंगठ्याने त्यावर हलका मसाज कसा करायचा हे फिजिओथेरपिस्ट दाखवते. भीतीने स्नायू आपोआप आवळला जात असेल, तर लहानापासून मोठ्या आकाराच्या डायलेटरने, म्हणजे योनिमार्गात ठेवायच्या गुळगुळीत नळीने, सावकाश सराव करता येतो, आणि सोबत समुपदेशन घेतल्यास चांगला फरक पडतो.

उपचार चालू असेपर्यंत दुखणारा प्रवेश टाळावा. जवळीक टाळण्याची गरज नाही. दात-ओठ खाऊन सहन केलेला प्रत्येक प्रसंग शरीराला ‘आता दुखणार’ हाच धडा देतो आणि पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळला जातो. हे नवऱ्याला समजावून सांगणे अवघड जात असेल, तर एखाद्या भेटीला त्यांना बरोबर घेऊन जावे. माझ्या अनुभवात बहुतेक नवरे ऐकून घेतात. त्यांना तोपर्यंत कोणी काही सांगितलेलेच नसते.

सासूबाईंच्या सल्ल्याकडे वळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात योनिव्यापदांचे, म्हणजे योनीच्या विकारांचे, वीस प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांच्या मुळाशी बिघडलेला वात असतो असे त्यात प्रतिपादन आहे. औषधी तेलात भिजवलेला पिचू हा त्या परंपरेतला जुना उपचार आहे. कोरड्या, आखडलेल्या जागी स्निग्धतेने आराम वाटणे शक्य आहे, पण लघवी गळण्यावर त्याचा उपयोग होतो हे दाखवणारा पुरावा केगलसारख्या व्यायामाइतका भक्कम नाही. पिचू घ्यायचाच असेल तर स्त्रीरोगात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्यांकडे, निर्जंतुक साहित्याने घ्यावा. अंगावर पांढरे जात असेल, खाज किंवा दुर्गंध असेल, तर आधी जंतुसंसर्गाची तपासणी व्हावी. घरच्या कापसाचा बोळा आणि घरचे तेल नको. पाठीला, कमरेला, मांड्यांना कोमट तीळतेलाने मालीश मात्र खुशाल करून घ्यावी. आपल्याकडच्या बाळंतिणीच्या रिवाजांपैकी सव्वा महिन्याची विश्रांती मला फार शहाणपणाची वाटते. पोट करकचून बांधणे मात्र तितकेसे पटत नाही, कारण वरून आवळले की दाब खाली जातो, आणि खालचा थर तर आधीच दमलेला असतो.

योगवर्गाला जावे, पण तिथल्या शिक्षिकेला त्रासाची कल्पना द्यावी. मूलबंध आणि अश्विनी मुद्रा यांत हेच स्नायू आवळले जातात, म्हणून त्या सध्या नकोत. कपालभातीने पोटातला दाब झटक्याझटक्याने वाढतो, तीही तूर्त बाजूला ठेवावी. सुप्त बद्धकोनासन, भिंतीला पाय टेकवून केलेली विपरीत करणी आणि सावकाश दीर्घ श्वसन आपल्याला मानवेल. अमेरिकेत ४५ वर्षांवरील स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बारा आठवड्यांच्या योगवर्गानंतर लघवी गळणे कमी झाले होते. पण ज्या गटाला साधे ताण देण्याचे आणि बळ वाढवण्याचे व्यायाम दिले होते, त्यांनाही जवळजवळ तितकाच फायदा झाला. योगाचा लाभ होतो, पण तो काही चमत्कार नव्हे.

रोजच्या सवयींपैकी बद्धकोष्ठता सर्वांत महत्त्वाची. रोज कुंथणे हे या स्नायूंवर रोज ओझे टाकणे आहे. कमोड वापरत असाल तर पायांखाली लहान पाट घ्यावा, गरज पडल्यास रात्री इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यावे. ‘बाहेर पडण्याआधी जाऊन येऊ’ म्हणत लघवी लागलेली नसताना जाण्याची सवय मूत्राशयाला थोड्याशा लघवीनेच घाई करायला शिकवते. उलट टोकाला, बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणेही वाईट. मुंबईतील स्त्रियांनी सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी ‘राइट टू पी’ ही मोहीम उगाच चालवली नाही.

‘होतं असं’ या उत्तराने आपण खचून जाऊ नये. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजार होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. सर्रास आढळते म्हणून ते सोसायचे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दुसऱ्या टोकाचा सल्ला, म्हणजे ‘पिशवी काढून टाका’, कोणी दिला तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. खोकताना लघवी सुटण्यावर गर्भाशय काढणे हा उपचार नाही. लेसरने योनिमार्ग ‘घट्ट’ करून देण्याच्या जाहिरातींनाही भुलू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्येच अशा उपकरणांबद्दल भाजणे, व्रण राहणे आणि संबंधांत दुखणे यांचा धोका जाहीरपणे सांगितला होता.

पहिल्या भेटीला जाण्याआधी तीन दिवसांची नोंद ठेवावी: किती पाणी आणि चहा घेतला, किती वेळा लघवीला गेलात, कशाने सुटली. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून जंतुसंसर्ग नाही ना, आणि अंग बाहेर येत नाही ना, एवढे पाहून घ्यावे आणि ‘पेल्विक फ्लोअर (म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू) फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्या’ असे स्पष्ट शब्दांत मागावे. लघवीतून रक्त जाणे, ताप आणि पाठीत कळा, संबंधांनंतर रक्तस्राव किंवा योनीशी काही गोळा हाताला लागणे, यांपैकी काही असेल तर ती भेट पुढे ढकलू नये. जांघेत बधिरपणा येऊन लघवीच होत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.