पहिले कार्ड वापरण्याआधी

नवे कार्ड हाती आले की आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन त्याची खर्चमर्यादा कमी करावी, असे मी सुचवीन. ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार तिथे स्वतंत्रपणे चालू-बंद करता येतात. परदेशी वापर मात्र प्रवासापुरताच सुरू ठेवा, कारण बाहेरची अनेक संकेतस्थळे ओटीपी न मागताच पैसे वळते करून घेतात.

यूपीआयचा पिन पैसे स्वीकारण्यासाठी कधीच लागत नाही. हे ठाऊक असूनही, जुने कपाट विकताना ‘लष्करात आहे, बदली झाली’ असे सांगणाऱ्या अतिशय नम्र ग्राहकाने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून मी पिनचे तीन आकडे टाकले होते. नम्रपणाचाही संशय घ्यावा लागतो, हे वाईटच.

यात्रेचे आरक्षण करताना शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर विसंबू नका. केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालवली जातात. खरी तिकिटे आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतात.

पैसे गेलेच, तर लाजेने वेळ घालवण्याऐवजी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. बँकेलाही ताबडतोब कळवून तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचेच राहते.