फुटबॉलवेड्या लेकीला क्रीडा कायदा शिकायचाय

प्रश्न : आम्ही कोल्हापूरचे. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. आठवीपासून फुटबॉल खेळायची. गेल्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि खेळ सुटला. मध्यंतरी तिनं एमिलियानो साला या खेळाडूच्या विमान अपघाताबद्दल वाचलं, आणि तो गेल्यावर त्याच्या ट्रान्सफरच्या, म्हणजे क्लब बदलण्याच्या, पैशांवरून दोन क्लब वर्षानुवर्षं कसे भांडत राहिले तेही. 'आई, हे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं आहे,' असं म्हणाली आणि आता क्रीडा कायदाच शिकणार म्हणून हटून बसलीय. तिचे बाबा म्हणतात, सीए कर. यात खरंच करिअर आहे, की हा नुसता रागाचा भर? – एक आई

उत्तर : ताई, लेकीचा राग खरा आहे. तो विझवू नका. पण निर्णय घेण्याआधी तिनं हे प्रकरण पुन्हा एकदा, सावकाश वाचावं. मला ते कसं दिसतं ते सांगतो.

एमिलियानो अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतातला, प्रोग्रेसो नावाच्या लहानशा गावात वाढलेला. वडील ट्रक चालवायचे. फ्रान्सच्या नॉन्त संघाकडून खेळताना त्यानं नाव कमावलं आणि १९ जानेवारी २०१९ ला वेल्समधल्या कार्डिफ सिटीनं त्याला घेतल्याचं जाहीर केलं. रक्कम १ कोटी ७० लाख युरो. त्या क्लबनं तोवर कुणासाठीच एवढे पैसे मोजले नव्हते. सोबत्यांचा निरोप घ्यायला तो नॉन्तला गेला आणि २१ तारखेच्या रात्री परतताना त्याचं एक इंजिनाचं छोटं विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. तो २८ वर्षांचा होता. वैमानिक डेव्हिड इबट्सन यांचा मृतदेह कधी सापडलाच नाही. तीन महिन्यांनी एमिलियानोचे वडीलही गेले.

पैसे तीन हप्त्यांत द्यायचे होते. पहिला ६० लाख युरोंचा हप्ता नॉन्तनं मागितला, कार्डिफनं नाकारला. त्यांचं म्हणणं असं, की खेळाडूच्या करारातल्या एका रकमेवर प्रीमियर लीगनं, म्हणजे कार्डिफ तेव्हा जिच्यात खेळायचं त्या इंग्लंडच्या लीगनं, हरकत घेतली होती, तो लीगमध्ये खेळायला पात्रच झाला नव्हता, म्हणजे व्यवहार पुरा झाला नव्हता. नॉन्तचं म्हणणं, दोन क्लबांमधल्या करारातल्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या होत्या. परदेशी ट्रान्सफरसाठी लागणारं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही २१ तारखेलाच निघालं होतं.

लेकीला इथं थांबायला सांगा, कारण क्रीडा कायदा म्हणजे काय ते इथं दिसतं. एका ट्रान्सफरमध्ये कागद अनेक असतात. एक क्लब-क्लबमधला, एक क्लब आणि खेळाडूमधला, वर राष्ट्रीय संघटनांची नोंदणी, वर लीगची नोंदणी. यातल्या कुठल्या कागदावर, कुठल्या क्षणी खेळाडू एका क्लबचा राहत नाही आणि दुसऱ्याचा होतो? सप्टेंबर २०१९ मध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या समितीनं निकाल नॉन्तच्या बाजूनं दिला. कार्डिफ स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये लवादानंही सांगितलं, की ट्रान्सफर पुरी झाली होती, पैसे द्या. २०२३ मध्ये स्विस सर्वोच्च न्यायालयातही कार्डिफची डाळ शिजली नाही. शिवाय कार्डिफनं फ्रान्समध्ये नॉन्तवरच नुकसानभरपाईचा दावा लावला, १० कोटी युरोंहून मोठा.

आता टाळूवरच्या लोण्याबद्दल. पहिल्या भांडणाला मी तसं म्हणणार नाही. नॉन्तनं खेळाडू विकला होता, आणि येणाऱ्या रकमेतला निम्मा वाटा करारानुसार त्याच्या जुन्या बोर्दो क्लबला जायचा होता. हिशेब कुठंतरी मिटायलाच हवा होता. पुढं जे वाढत गेलं, त्याबद्दल मात्र मी तुमच्या लेकीच्या बाजूचा आहे. एका घरानं चार महिन्यांच्या आत दोन माणसं गमावली आणि तेच नाव वर्षानुवर्षं दाव्यांच्या फायलींवर येत राहिलं.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. त्या वैमानिकाकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नव्हता, रात्री उडवण्याची पात्रताही नव्हती. तपासात विमानात कार्बन मोनॉक्साइड पसरल्याचं आढळलं. ज्यानं उड्डाणाची जुळवाजुळव केली, त्याला २०२१ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. एमिलियानोनं विमानात बसल्यावर मित्रांना आवाजी निरोप पाठवला होता, की विमान धड वाटत नाही, भीती वाटतेय. कोट्यवधींच्या व्यवहारात प्रत्येक स्वल्पविराम तपासणारे वकील होते. विमान कुणाचं, वैमानिक कोण, एवढं विचारायला मात्र कुणी नव्हतं. लेकीला या क्षेत्रात यायचंच असेल, तर तिनं हा प्रश्न सोबत घेऊन यावं. खेळाडूच्या बाजूनं, आधी विचारणारी माणसं इथं फार कमी आहेत.

आता तुमच्या मुख्य काळजीकडे येतो. करिअर आहे, पण अरुंद आहे. बारावीनंतर थेट 'क्रीडा वकील' होता येत नाही. आधी चांगली वकील व्हावं लागतं. तिनं क्लॅट आणि एमएच-सीईटी लॉ, या कायद्याच्या दोन्ही प्रवेश परीक्षा द्याव्यात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, पुण्यात आयएलएस आहे. पाच वर्षांत करार कायदा आणि लवाद हे दोन विषय तिनं जिवाभावानं करावेत, नंतर तीन-चार वर्षं याच कामाच्या वकिलाच्या हाताखाली काढावीत. माद्रिदचा क्रीडा कायद्याचा अभ्यासक्रम किंवा तीन देशांत चालणारा फिफा मास्टर हा पदव्युत्तर अभ्यासक्रम, हा विचार त्यानंतर. फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकणं मात्र आत्तापासून. लोझानच्या लवादाचं काम इंग्रजीसोबत या दोन भाषांत चालतं.

धोकाही सांगतो. आपल्याकडे या कामाचा मोठा भाग क्रिकेटकडे आहे. व्यावसायिक हक्कांच्या कराराच्या घोळात आयएसएल या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगचा २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, हे तिनं पाहिलं असेलच. दुसरीकडे २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात स्वतंत्र क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद झालीय, म्हणजे इथल्या इथंही काम वाढेल. आणि क्रीडा कायद्यात नाही जमलं, तरी करार आणि लवाद जाणणारी वकील बेकार राहत नाही. बाबांना एवढं जरूर सांगा. सीएचा त्यांचा आग्रह मी चूक म्हणत नाही, पण ज्या मुलीनं एका ट्रान्सफरचा वाद एवढा मनाला लावून घेतला, तिला ताळेबंदात बसवायची घाई नको.

एक काम या सुट्टीतच करता येईल. कोल्हापुरात पेठेपेठेला संघ आहेत, बाहेरचे खेळाडू आणले जातात. ती ज्या संघाकडून खेळायची, तिथं जाऊन विचारावं : खेळाडूशी लेखी करार होतो का? गुडघा फुटला तर खर्च कुणाचा? तिच्या स्वतःच्या गुडघ्याचा कुणी केला? नंतर २०२२ चा लवादाचा निकाल वाचावा. तो इंग्रजीत आहे, लांब आहे, पहिल्यांदा निम्मा कळणार नाही. वाचून झाल्यावर एका पानावर मराठीत लिहावं, की एमिलियानो नेमक्या कुठल्या क्षणी कार्डिफचा झाला, आणि का. ते पान मला पाठवा. मी खुणा करून परत पाठवेन, मग पुढचं बोलू.