दोन डिस्कचा नॅस घेऊ की जुना पीसी कामाला लावू?

प्रश्न: घरात चौघांचे मोबाईल आणि दोन लॅपटॉप, सगळ्यांचे मिळून फोटो-व्हिडिओ दीड टीबीच्या आसपास, ते तीन एक्स्टर्नल डिस्कवर पसरलेत आणि कुठल्या डिस्कवर काय आहे ते कुणालाच धड माहीत नाही. एकाच जागी सगळं हवंय, टीव्हीवर पण दिसायला हवं. बजेट कमी आहे. राउटरच्या यूएसबीला डिस्क लावून भागेल का, जुना डेस्कटॉप पडून आहे तो वापरू, की दोन बेचा (म्हणजे दोन डिस्क बसतील असा) नॅस, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा, घेऊ? एकजण चार बेचाच घ्या म्हणतोय.

उत्तर: चार बेचं डोक्यातून काढून टाका, दीड टीबीसाठी एवढा मोठा डबा घेऊन अर्धा रिकामा ठेवण्यात काही अर्थ नाही. राउटरचं म्हणाल तर करून बघायला हरकत नाही पण बहुतेक राउटरचा प्रोसेसर त्या कामात दमतो, स्पीड मिळत नाही, आणि डिस्क खराब व्हायला लागली तरी तो तुम्हाला काही सांगणार नाही.

जुना डेस्कटॉप मात्र चांगला पर्याय आहे. ओपनमीडियावॉल्ट (पीसीचा नॅस करणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, डेबियन लिनक्सवर चालतं, जुन्या मशीनवर पण नीट चालतं (ट्रूनॅस या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरला किमान ८ जीबी रॅम लागते, ते आधी बघा). पण विजेचा हिशेब करा. पीसी नुसता चालू राहून ५० वॅट खात असेल तर वर्षाला ४३८ युनिट होतात, आणि दोन डिस्कचा छोटा नॅस १८ वॅटच्या आसपास घेत असेल तर दीडशेच्या थोडं वर. तीन-चार वर्षांचं बिल धरलं की फुकटचा पीसी तेवढा फुकटचा राहत नाही. खटपट करायची आवड असेल तर पीसी, नाहीतर सिनॉलॉजी, क्यूनॅप, टेरामास्टर यांच्यापैकी कुणाचाही साधा दोन बेचा घ्या. टीव्ही तुमच्या व्हिडिओ फायली स्वतः प्ले करत असेल तर भारी प्रोसेसरवर पैसे घालवू नका.

डिस्कवर डेटा लिहायच्या दोन पद्धती असतात, सीएमआर आणि एसएमआर; डिस्क घेताना सीएमआर आहे का ते डेटाशीटमध्ये बघूनच घ्या. एसएमआरमध्ये ट्रॅक (डेटा लिहायच्या पट्ट्या) कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचे पण परत लिहावे लागतात, आणि डिस्क बदलून रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेला संच) पुन्हा उभं करताना हेच प्रकरण फार रखडतं. नुसत्या लेबलवर विसंबू नका, २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं बाहेर आलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हीवर तोच डेटा) लावल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही! मिरर फक्त एक डिस्क मेली तर वाचवतो. घरातल्या कुणी चुकून 'सहल' नावाचा फोल्डर डिलीट केला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो, व्हायरसने फायली लॉक केल्या तर दोन्हीकडे लॉक होतात. म्हणून तुमच्या त्या तीन एक्स्टर्नल डिस्क अजिबात विकू नका. त्यातल्या धडधाकट असतील त्या बॅकअपला लावा, एक नॅसला जोडून रोज रात्री आपोआप कॉपी होईल अशी, आणि दुसरी महिन्यातून एकदा भरून नातेवाइकांकडे ठेवायला द्या. पैसे फारच कमी पडत असतील तर मी म्हणेन नॅसमध्ये सध्या एकच डिस्क टाका पण बॅकअप सोडू नका. अधूनमधून बॅकअपमधला एखादा फोल्डर परत काढून फोटो खरंच उघडतायत का ते पण बघत जा.

पहिली कॉपी वायफायवरून सुरू करू नका, केबल लावा. गिगाबिट लॅनवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे मोठ्या व्हिडिओ फायली असतील तर दीड टीबीला साधारण चार तास, छोट्या फोटोंना बराच जास्त वेळ जातो.

प्रश्न: बाहेरगावी असताना नॅसवरचे फोटो बघता यावेत म्हणून राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून ठेवलं तर चालेल का?

उत्तर: नको, अजिबात नको. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या मायबुक लाइव्ह डिस्क बाहेरून कुणीतरी रिसेट केल्या आणि लोकांचा वर्षानुवर्षांचा डेटा पुसला गेला, त्या मॉडेलला २०१५ नंतर अपडेटच आलं नव्हतं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीच्या व्हायरसने उघड्यावर असलेल्या क्यूनॅपच्या मशीनवरच्या फायली लॉक करून पैसे मागितले. टेलस्केल किंवा वायरगार्ड (घरच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी, सुरक्षित रस्ता, म्हणजे व्हीपीएन) टाका, मोबाईलवर ॲप चालू केलं की घरातच बसल्यासारखं नॅस दिसतं आणि नॅसचं पोर्ट उघडायची गरज पडत नाही (वायरगार्ड स्वतः लावलंत तर त्याचं स्वतःचं एक पोर्ट मात्र सहसा उघडावं लागतं, टेलस्केलला तेही सहसा लागत नाही). राउटरमधलं यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) पण बंद करा, नाहीतर नॅस तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून बसू शकतो.