निवृत्त झालेल्या फुटबॉलपटूला संघाने परत घ्यावं का? छेत्रीला बोलावणं चूक होतं का?

परत घ्यायला माझी हरकत नाही. पण भारताचा सर्वाधिक गोल करणारा सुनील छेत्री 2024 मध्ये निवृत्त झाल्यावर त्याला ज्या कारणासाठी परत बोलावलं, त्यासाठी नको होतं.

तुम्ही लिहिलंय की निरोपाचा सामना खेळून, हारतुरे घेऊन झाल्यावर परत येणं म्हणजे तरुण पोरांच्या पानातलं ओढून घेणं. हे अर्धंच पटतं. देशाच्या संघाशी खेळाडूचा क्लबसारखा करार नसतो. निवृत्ती म्हणजे फक्त ‘यापुढे माझा विचार करू नका’ असं सांगणं. ते त्याने मागे घेतलं तर कुठला कायदा मोडत नाही. आणि काही निवृत्त्या तर मनावर घ्यायच्याच नसतात. 2016 च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेतल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चिलीविरुद्ध पेनल्टी हुकली आणि मेस्सीने त्याच रात्री अर्जेंटिनासाठी खेळणं थांबवल्याचं सांगून टाकलं. दीड-दोन महिन्यांत तो परतही आला. त्या रागाला अर्जेंटिनाने निवृत्ती मानलं असतं तर 2022 चा विश्वचषक कुणाच्या हातात दिसला असता?

मी कोल्हापूरचा, त्यामुळे निवृत्ती हा शब्द मी फार गंभीरपणे घेत नाही. आमच्याकडे फुटबॉल पेठांच्या आणि तालमींच्या संघांत चालतो; पेठेचा खेळाडू ‘आता बास, गुडघा ऐकत नाही’ म्हणतो आणि पुढच्या हंगामात शाहू स्टेडियमवर तोच सगळ्यांच्या आधी पळायला आलेला असतो. आमच्या तालमीच्या संघात एक बचावपटू असा तीनदा निवृत्त झाला. पहिल्या दोन वेळा सगळ्यांना आनंदच झाला. तिसऱ्या वेळी मात्र त्याच्या जागी वर्षभर घडवलेला एकोणीस वर्षांचा पोरगा बाकावर गेला. त्याने हंगामभर तोंडातून शब्द काढला नाही, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पेठेचा शर्ट घालून आमच्यासमोर उभा राहिला. चूक परत आलेल्याची नव्हती. त्याला नेमकं कशासाठी घेतोय, हे संघ चालवणाऱ्यांनी ठरवलंच नव्हतं.

हे ठरवून घेतलं की काय होतं, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जर्मनीचा टोनी क्रूस. 2021 ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, संपल्यावर एकतिसाव्या वर्षी त्याने जर्मनीसाठी खेळणं थांबवलं. रेआल माद्रिदकडून तो खेळतच होता, म्हणजे पाय थंड पडले नव्हते. नोव्हेंबर 2023 मध्ये जर्मनी तुर्कस्तान आणि ऑस्ट्रियाकडून लागोपाठ हरली. घरच्या मैदानावरची युरो तोंडावर आली होती. प्रशिक्षक नागल्समन यांनी त्याला बोलावलं. मार्च 2024 मध्ये ल्योंला फ्रान्सविरुद्धचा सामना सुरू होऊन दहा सेकंदही झाले नव्हते, तोच क्रूसच्या पासवर विर्ट्झने गोल केला. पण मला त्या गोलपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कर्णधार गुंदोआनच राहिला. क्रूसला सिंहासन परत दिलं नाही, मधल्या फळीतलं एक काम दिलं: बचावफळीकडून चेंडू घ्यायचा आणि पुढे वाट काढून द्यायची. युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत जर्मनी स्पेनकडून 2-1 अशी हरली, जादा वेळेत. तरी त्या बोलावण्याला कुणी चूक म्हटलेलं मी ऐकलं नाही.

फ्रान्सच्या झिदानचं उलटं. 2004 च्या युरोत ग्रीसकडून हरल्यावर तो गेला, थुराम आणि माकेलेलेही बाजूला झाले. वर्षभरात फ्रान्सची पात्रता फेरी अडकली आणि ऑगस्ट 2005 मध्ये तिघेही परत आले. मधल्या काळात कर्णधार असलेल्या व्हिएराच्या दंडावरची पट्टी पुन्हा झिदानच्या दंडावर गेली. पेठेत असं झालं असतं तर दोन गट पडले असते! तिथे निभावलं, कारण व्हिएरा मोठ्या मनाचा निघाला आणि झिदान अजूनही झिदान होता. 2006 च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध त्याची फ्रीकिक आणि ऑन्रीचा गोल, पोर्तुगालविरुद्ध त्याची पेनल्टी, आणि मग अंतिम सामन्यात इटलीच्या मातेरात्सीच्या छातीवर डोकं आपटून लाल कार्ड. लोक शेवटचंच सांगतात. त्याच्याशिवाय फ्रान्स त्या मैदानापर्यंत पोचलाच नसता, हे विसरतात.

आणि कॅमेरूनचा रॉजर मिला. 1990 साली अडतीस वर्षांचा. राष्ट्रीय संघातून निवृत्त होऊन हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर खेळत होता. कॅमेरूनच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः फोन केला म्हणून तो इटलीला गेला. खुद्द राष्ट्राध्यक्षांचा माणूस, म्हणजे तो पहिल्या अकरात असणार असं आपल्याला वाटेल. पण तो पूर्ण स्पर्धा बाकावरून उठून खेळला. रुमानियाविरुद्ध दोन, कोलंबियाविरुद्ध जादा वेळेत दोन गोल, आणि कॅमेरून उपांत्यपूर्व फेरीत. समोरचे दमल्यावर म्हाताऱ्याला सोडायचा, असा तो डाव होता. मला विचाराल तर परत आलेल्या खेळाडूचा याहून चांगला वापर कुणी केलेला नाही.

आता छेत्री. पहिली गोष्ट, तो वेळेआधी गेलाच नव्हता. 6 जून 2024 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर कुवेतविरुद्ध 0-0 अशा सामन्यात निरोप घेतला तेव्हा तो एकोणचाळीसचा होता. नावावर 94 गोल. नंतर प्रशिक्षक स्टिमाच गेले, मानोलो मार्केझ आले, आणि 2024 चं अख्खं वर्ष भारत एकही सामना न जिंकता राहिला. दुसरीकडे छेत्री बेंगळुरूकडून इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) कुठल्याही भारतीयापेक्षा जास्त गोल करत होता. त्या हंगामात 14 केले. प्रशिक्षकाच्या जागी बसून पाहिलं तर मोह समजतो. मार्च 2025 मध्ये त्याला बोलावलं, शिलाँगला मालदीवविरुद्ध 3-0 जिंकलो. पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, शेवटचा छेत्रीचा, हेडरने, पंचाण्णवावा. नोव्हेंबर 2023 नंतरचा तो पहिला विजय होता. मीही त्या रात्री ओरडलो, खोटं कशाला बोलू.

सहा दिवसांनी त्याच मैदानावर आशिया चषकाची पात्रता फेरी सुरू झाली. बांगलादेशशी 0-0. जूनमध्ये हाँगकाँगकडून शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीने 1-0 हार. गटात मानांकनाने आपण वर होतो, हे लक्षात घ्या.

त्यानंतरचा भाग लोक सोडून देतात. मानोलो गेले, खालिद जमील आले. ऑगस्ट-सप्टेंबरच्या काफा नेशन्स चषकात, म्हणजे मध्य आशियातल्या स्पर्धेत, छेत्री नव्हता. तिथे आपण ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी 2-1 हरवलं आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला पेनल्टींवर मागे टाकलं. संघ एकमेकांसाठी धावताना दिसत होता. मग ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्ध पुन्हा छेत्रीला आत घेतलं. तिकडे 1-1, गोव्यात फातोर्ड्याला 1-2, आणि आशिया चषक 2027 चं दार बंद.

छेत्रीमुळे हरलो असं मी अजिबात म्हणत नाही. सिंगापूरच्या त्या दोन गोलांत त्याचा काय दोष? पण त्याच्याकडे काम कुठलं दिलं होतं ते बघा. क्रूसला एक जागा भरायची होती, मिलाला बाकावरून उठून दमलेल्यांना पळवायचं होतं. छेत्रीला वीस वर्षांचा खड्डा बुजवायला सांगितला. आयएसएलमधले बहुतेक क्लब पुढच्या टोकाला परदेशी खेळाडू ठेवतात. भारतीय पोरगा चपळ असला की त्याला कडेला पाठवतात, तिथे तो क्रॉस मारायला शिकतो, गोलसमोर उभं राहून गर्दीत चेंडू ढकलायला शिकत नाही. मग देशाच्या संघात नऊ नंबरची, म्हणजे गोलसमोरच्या मुख्य स्ट्रायकरची, जागा आली की सगळे एकमेकांची तोंडं बघतात. घराचं छत गळतंय म्हणून आजोबांना छत्री धरून उभं केल्यासारखं हे झालं. (छेत्री-छत्री हा योगायोग, मुद्दाम नाही.)

म्हणून माझं उत्तर असं. खेळाडू क्लबकडून नियमित खेळतोय, त्याला द्यायचं काम एका वाक्यात सांगता येतंय, आणि बाकावर बसायची त्याची तयारी आहे, तर खुशाल घ्या, वय कितीही असो. पण ‘दुसरं कुणी नाहीच’ हे कारण असेल तर थांबा. ज्याच्यावर तुम्ही वर्ष घालवायला हवं होतं, त्या पोराचं ते वर्ष तुम्ही घेताय.

फातोर्ड्याच्या त्या सामन्याला आम्ही तिघे कोल्हापुरातून गाडीने गेलो होतो. आपल्या छांगतेने चौदाव्या मिनिटाला लांबून मारलेला गोल बघून वाटलं, आलो ते बरं केलं. नंतर व्हायचं ते झालं. परतताना घाट चढायच्या आधी चहाला थांबलो. छेत्रीवर कुणी चिडलेलं नव्हतं. एकाने फक्त विचारलं, बरं, पुढचा नऊ नंबर कोण? आम्ही तिघेही दर आठवड्याला फुटबॉल बघणारे, आयएसएल तोंडपाठ असणारे. चहा संपला, पैसे दिले, गाडीत बसलो, तरी एक नाव निघालं नाही.