हौद कशाचा?

प्रश्न : साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरात कंबरभर खोल हौद आहे. आजोबा त्यात सूत रंगवायचे. मुलगा तो बुजवून फरशी घालायची म्हणतोय. परवा सीरियातल्या प्राचीन ख्रिस्ती प्रार्थनाघराचा फोटो पाहिला. तिथलं बाप्तिस्म्याचं, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या स्नानाचं, कुंड हुबेहूब आमच्या हौदासारखं! ते रंगाऱ्याचं नव्हतं, हे कशावरून ठरवलं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नुसता हौद पाहिला तर मीही फसेन. ठरतं ते आजूबाजूवरून.

तुम्ही पाहिलंत ते युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या प्राचीन शहरातलं. येल विद्यापीठ आणि फ्रान्सच्या ‘अकादमी ऑफ इन्स्क्रिप्शन्स’च्या मंडळींना १९३१-३२ मध्ये शहराच्या तटबंदीला लागून हे घर सापडलं. घर साधंच, मधे अंगण, भोवती खोल्या. गिलाव्यात वर्ष कोरलेलं होतं, आपल्या हिशेबानं इ.स. २३२-३३. पुढे कुणीतरी दोन खोल्यांमधली भिंत पाडून जमण्यापुरती मोठी जागा केली आणि एका लहान खोलीत कुंड बांधलं. कुंडावर खांबांचं छत, छताला निळा रंग, त्यावर चांदण्या. मागच्या भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. बाजूला पाण्यावरून चालणारा येशू आणि बरा होऊन स्वतःची खाट उचलून निघालेला पांगळा. सूत रंगवणारा हौदावर चांदण्या कशाला काढेल?

२५६ च्या सुमारास इराणच्या सासानी राजवटीच्या फौजेनं शहराला वेढा घातला. तट भक्कम करायला रोमन शिपायांनी तटालगतची घरं मातीनं भरली, आणि त्या मातीनंच ही चित्रं जपली.

रंगाऱ्याची खूण तळाशी असते. विद्यार्थी असताना एका उत्खननात सरांनी मला दोन दिवस एकाच हौदात बसवलं होतं, हातात फक्त ब्रश. भिंत आणि तळ मिळतो त्या कोपऱ्यात नखाएवढा निळसर थर निघाला. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, सिमेंट ओतू नका. आधी मोजमाप घ्या, टेप शेजारी ठेवून फोटो काढा. कोपऱ्यातला थर चमचाभर पुडीत बांधून वर तारीख लिहा. आजोबा कुठला रंग वापरायचे, पाणी कुठून आणायचे, आठवतं ते वहीत उतरवा. मग आत जाड कापड अंथरून स्वच्छ वाळू भरा. वर फरशी बसेल आणि हौदही खाली शाबूत राहील. चालत असेल तर मी स्वतः येऊन पाहतो, तोवर गवंड्याला थांबवा.